ठेवला म्हणेपर्यंत

१

सकाळी उठलो की मी उजवा हात समोर धरतो. उताण्या तळव्यावर पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवतो आणि अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालतो. थेंब सांडत नाही. काम सोडल्यापासून हे रोजचं आहे. येसूबाई, माझी बायको, चुलीपाशी बसून बघते. पूर्वी म्हणायची, "झाली का परेड?" पाणी जास्वंदीला घालतो आणि चहाला बसतो.

माझं नाव हरिबा. सातारा-सांगली पट्ट्यातले जुने लोक मला हरिबा मुकादम म्हणून ओळखतात. शाळा चौथीपर्यंत. धंदा अवजड यंत्रं हलवण्याचा. लेथ, बॉयलर, साखर कारखान्याचे रोलर, छापखान्याची मशिनं. शिरवळपासून मिरजेपर्यंत असा एक मोठा कारखाना नसेल जिथे माझ्या टोळीने काही बसवलं नाही.

माझ्या हातात पहार कधी नव्हती. मी समोर उभा राहायचो आणि हात हलवायचो. तळवा वर केला की विंच, म्हणजे दोराचा रहाट, फिरवणारा बशीर माल उचलायचा. तळवा खाली केला की उतरवायचा. मूठ आवळली की सगळं जागच्या जागी थांबायचं. मालाला मी बोट लावलं नाही. माझा हात हवेत जसा जाईल तसा माल जायचा. लोक कामं टाकून बघायला उभे राहायचे.

टोळीला मी रीत लावून दिली होती. माल जमिनीवरून सुटला की आधी वाकून त्याची खालची बाजू बघायची. आणि 'उचल' ज्याने म्हटलं त्यानेच 'ठेवला' म्हणायचं. 'ठेवला' म्हणेपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही, कुणी बसायचं नाही, कुणी घरी जायचं नाही. थांबवायला मूठ कुणीही दाखवावी. पण 'ठेवला' एकानेच म्हणायचं, आणि माल खाली मांडलेल्या लाकडावर खरोखर टेकल्याशिवाय म्हणायचं नाही.

शिरवळला एकदा विंचचा दात तुटला. बॉयलर अधांतरी. दुसरा दात येईपर्यंत दिवस कलला. तिथला साहेब म्हणाला, मुकादम, आता तरी हात खाली घ्या, माल काय तुमच्या हातावर थोडाच आहे? मी हात खाली घेतला नाही. टोळीतल्या कुणी पाण्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळी बॉयलर लाकडावर टेकला तेव्हा मी 'ठेवला' म्हणालो आणि मग सगळे प्यायलो.

माझ्या मालाखाली माणूस दबला नाही. एकही नाही. या धंद्यात असं म्हणणारा दुसरा मुकादम मला दाखवा.

२

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट आहे.

मुलगा महेंद्र आणि सून नोकरीपायी पुण्यात. त्यांची मुलगी स्वप्ना लहानपणापासून आमच्याकडे साताऱ्यात वाढली. पुढे सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात गेली. आमच्या घरातच काय, आमच्या आळीत तोवर कुणी मुलगी त्या वाटेला गेली नव्हती. ती एस्टीत बसली त्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

शेवटच्या वर्षाला त्यांना एक काम करून दाखवायचं असतं. स्वप्नाने आणि तिच्याबरोबरच्या मुलांनी एक यंत्र जुळवलं होतं. हातात धरायचा लहानसा पडदा, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला मागून वायरी, वायरी कॉम्प्युटरला. पडद्यात एक खोली काढलेली आणि खोलीत एक खोकं. हातातला पडदा हलवला की आतलं खोकं हलतं. माणसाला ते कसं हललेलं आवडतं, एवढंच त्यांना लोकांकडून काढून घ्यायचं होतं. कॉलेजची पोरं झाली, मास्तर झाले. मग तिचे सर म्हणाले, एखादा म्हातारा माणूस आणा.

स्वप्ना सुट्टीला आली आणि मला म्हणाली, "आजोबा, तुमच्यापेक्षा चांगला हात मला कुठं मिळायचा?"

मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर सांगलीला गेलो.

३

खोली वर्कशॉपच्या मागे होती. उंच छत, मधे एक खांब, कोपऱ्यात कॉम्प्युटर. मिलिंद नावाचा मुलगा यंत्राशी बसला होता. म्हसवडकडचा. बोलायला बरा.

त्याने आधी एक रीत दाखवली. पडदा कलता केला की खोकं त्या बाजूला घसरत जायचं, ताटात पाणी सरकतं तसं. मी एकदाच करून बघितलं आणि सांगितलं की हे मला नको. घसरणाऱ्या मालाला मी हात दाखवत नाही.

मिलिंद हसला. म्हणाला, "मग ही दुसरी बगा. हे बटन दाबून धरायचं. धरलं की खोकं पडद्याला चिकटलं. मग तुमी पडदा न्याल तिकडं ते येतंय. बटन सोडलं की सुटलं."

"सुटलं म्हंजे पडलं?"

"न्हाई. जिथं आसंल तिथंच ऱ्हातंय."

"हवेत?"

"हवेतच. पडायचं आमी त्याला शिकवलंच न्हाई."

पोरं हसली. मी हसलो नाही. हवेत सोडलेला माल हवेत राहत नाही. मी ठरवलं की खोकं पडद्यात दिसणाऱ्या ओट्यावर टेकेपर्यंत बटन सोडायचं नाही.

खोकं जमिनीवरून उचलून, खांबाला वळसा घालून, ओट्यावर ठेवायचं होतं. पडद्यातली खोली याच खोलीसारखी काढलेली. तोच खांब, तेच दार. दाराच्या मापाने बघितलं तर खोकं लहान नव्हतं. दारातून आत आलं नसतं एवढं होतं.

मी पाय रोवून उभा राहिलो, बटन दाबलं आणि सवयीने म्हणालो, "उचल."

पोरं पुन्हा हसली. माझ्या खांद्यात ओढ बसली.

पडद्याला वजन नव्हतं. ओढ पडद्याची नव्हती. बशीर विंच फिरवायचा आणि दोर ताणला जायचा, तेव्हा लांब उभ्या असलेल्या माझ्या खांद्यात जी बसायची ती ही ओढ होती. कित्येक वर्षांनी बसली. मला बरं वाटलं, हे खरं सांगतो.

माल सुटला म्हणून मी वाकलो आणि पडदा वर धरून खालची बाजू बघितली. ती ओली होती. काळपट, नुकतीच मातीतून निघाल्यासारखी. मधोमध एक जागा घासून गुळगुळीत झाली होती. हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो, त्या घट्ट्याची जोडीदार जागा मालावर असेल, तर ती तशी दिसेल. मला वाटलं, पोरांनी बारकाईने काढलंय.

खांबापर्यंत माल छान आला. मी वळसा घेत होतो. ओटा समोर दिसत होता.

लाईट गेली.

कॉम्प्युटरचा पंखा थांबला. पडदा काळा झाला. माझा अंगठा बटनावर होता.

मिलिंद म्हणाला, "सोडा आजोबा, झालं. आमाला कळलं काय ते." त्याने पडदा माझ्या हातातून अलगद काढून घेतला. मी विचारलं की माल ठेवायचा राहिला त्याचं काय. तो म्हणाला की लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून चालू होतं, मधलं काही राहत नाही.

चहा आला. मी घेतला नाही. लाईट येईपर्यंत थांबतो म्हणालो. लाईट आली नाही. स्वप्ना मला स्टँडवर सोडायला आली. रिक्षात ती माझ्या हाताकडे बघत होती. हात मी छातीपाशी धरला होता, तळवा वर.

ती म्हणाली, "आजोबा, ते खरं नव्हतं. चित्र होतं."

"व्हय," मी म्हणालो. "चित्रच हुतं."

एक शब्द म्हटला असता तर सुटलो असतो. पण माल टेकलेला नव्हता. आणि मी आजवर खोटा 'ठेवला' म्हटलेला नाही.

४

घरी आलो. येसूबाईने तांब्या पुढे केला. चित्राला रीत लागत नाही, असं मनाला सांगितलं आणि पाणी प्यायलो. घोट घशाखाली उतरताना वर कुठेतरी दोर करकरला.

मी वर बघितलं. पत्रा, वासा, वाशाला अडकवलेली पिशवी. वारा असेल.

दुसऱ्या दिवशी येसूबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. आमची पुढची खोली मोकळी आहे, मधे काही नाही. पण ती सरळ आली नाही. भिंतीच्या कडेने, अंग चोरून आली. मी म्हणालो, अशी वळून का आलीस?

"कुठं वळले?" ती म्हणाली. "आलीया तशीच. डोळं तपासून घ्या आता."

जाताना पण ती भिंतीच्या कडेनेच गेली.

शेजारचा धुळा मेंढक्या ताक मागायला आला. तो बोलत बोलत आत आला आणि खोलीच्या मधे येण्याआधी थांबला, मान वाकवली, आणि मग कडेने आला. आमच्या खोलीत मान वाकवण्यासारखं काही नाही.

आमच्या कोंबड्या अंगणात टिपत होत्या. मी दाराच्या खुंटीवरची टोपी घ्यायला हात लांब केला, तर त्या एकदम एका बाजूला सरकल्या. हात मागे घेतला, तशा परत पसरल्या. मी स्वतःला सांगितलं की कोंबडी हाताला भिते. मग मी आत गेलो. भिंतीआडून, त्यांना मी दिसणार नाही असा, खिडकीच्या फटीतून बघत हात हळूहळू डावीकडे नेला.

कोंबड्या डावीकडून उठल्या. मधे एक मोकळा चौकोन पडला. हात उजवीकडे नेला. चौकोन उजवीकडे गेला.

हात न्यावा तिकडे माल येतो. हीच रीत मी पसंत केली होती.

५

दुपारी जेवण झालं की मी कॉटवर पडतो. येसूबाई खाली चटईवर. त्या दिवशी मला झोप लागली. हात कधी कॉटवरून खाली लोंबला, कळलं नाही.

कशाने जागा झालो तेही सांगता येत नाही. खोली शांत होती. फार शांत होती. येसूबाईचा झोपेतला घुरघुर आवाज येत नव्हता. मी मान वळवली. ती उताणी होती. डोळे उघडे, माझ्याकडे. तोंड उघडं. हातापायांची बोटं हलत होती, बाकी काही हलत नव्हतं. चटई तिच्या दोन्ही बाजूंनी जमिनीत दाबल्यासारखी सपाट झाली होती.

मी हात वर उचलला. हळू. घाईने माल उचलू नये.

चटईच्या काड्या कडकडत वर आल्या. येसूबाईने श्वास ओढला आणि खोकली.

"आवं," ती म्हणाली, "छातीवर जात्याची तळी ठिवल्यावानी झालं बगा."

डॉक्टर म्हणाले गॅस आहे, रात्रीची डाळ बंद करा. येसूबाईने डाळ बंद केली. लुगड्यावर छातीपाशी ओल्या मातीचा डाग पडला होता, तो तिने धुऊन टाकला. मातीचा डाग कुठून आला, हे तिने मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी आत झोपलो नाही. अंगणात कुडाच्या भिंतीला टेकून बसायचो आणि मनगट खांद्यावरच्या गमज्याने वरच्या खिळ्याला बांधायचो. डोळा लागला तरी हात उतरायचा नाही.

"म्हातारपणी मास्तरानं उभं केलंय जणू," येसूबाई म्हणाली. पण उशाला पटकूर आणून दिलं, आणि अंगणात येताना लांबून वळसा घेऊन आली.

हसावं तिने. तिचा श्वास चालू राहिला पाहिजे. बाकी मी बघतो.

६

स्वप्ना परीक्षा देऊन आली. पेढे आणले होते. त्यांच्या कामाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला होता. सांगत होती की बहुतेक सगळ्यांना हात जाईल तिकडे वस्तू येणारी रीतच आवडली, पण थोड्या वेळाने हात अवघडतो अशी तक्रार आली. एका माणसाने तक्रार केली नाही, तो मी. हे तिने सरांना मुद्दाम सांगितलं होतं. मी पेढा घेतला. आळीत पेढे मी स्वतः वाटले, डाव्या हाताने.

मग मी तिला म्हणालो की मला पुन्हा एकदा सांगलीला यायचं आहे. त्या पडद्यातला माल ओट्यावर ठेवायचा आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, पडदा सरांनी पुण्याहून उसना आणला होता, तो परत गेला. यंत्र सुटं केलं. कॉम्प्युटरमधलंही पुसलं, पुढच्या मुलांना जागा पाहिजे होती.

मी म्हणालो, "खोकं झकास काढलं हुतं तुमी. खालची बाजू तर लयच."

"खालची बाजू?"

"ओली. मधी घासलेली."

स्वप्नाचा चेहरा उतरला. ती सावकाश म्हणाली, "आजोबा, खालची बाजू आम्ही काढलीच नव्हती. कोण बघणार खालून, म्हणून सोडून दिली. खालून बघितलं तर नुसतं आरपार दिसतं."

ती माझ्या मनगटावरचा गमज्याचा वळ बघत होती. तिने विचारलं, "हात दुखतो का?"

"दुखायला काय झालं?"

तिने पुढे विचारलं नाही. हुशार आहे. मला म्हणाली, मी काय करू ते सांगा. मी म्हणालो, मिरजेला जा आणि बशीरला सांग, मुकादमानं बोलावलंय. माल अधांतरी आहे म्हणावं.

७

बशीर दोन प्रहरी आला. दाढी पांढरी झाली होती. चाल तीच. त्याला काही सांगितलेलं नव्हतं, निरोपापलीकडे काही नाही. फाटक उघडून तो दोन पावलं आत आला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. वर बघितलं. मग कोंबड्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि तिच्या कडेने, नेमका तिच्या कडेने चालत माझ्यापाशी आला.

"किती हाय?" त्याने विचारलं.

"दारात बसायचा न्हाई."

"किती दिस झालं?"

"स्वप्नीच्या परीक्षंच्या आदीपास्नं."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. "म्हातारा झाला तरी हात तसाच हाय की रं तुझा," तो म्हणाला. टोळीत असताना त्याने मला अरे-तुरे कधी केलं नव्हतं. मी रागावलो नाही.

घरामागे माळ आहे. वस्ती नाही, झाड नाही. बशीरने ओळखीच्या वखारीतून रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बैलगाडीत घालून आणले. दोन ओळी मांडल्या, मधे माणूस चालेल एवढी जागा ठेवून. स्लीपर एकमेकांशी समांतर आहेत का ते डोळा लावून बघितलं. मग कडेला, जिथून खाली दिसेल तिथे उकिडवा बसला. नेहमी बसायचा तसा.

येसूबाईला आणि स्वप्नाला मी घरात राहायला सांगितलं होतं. त्या मागच्या दारात उभ्या होत्या. मला ते दिसत होतं.

मी हात स्लीपरांच्या वर नेला. माळावर वारा होता, पण स्लीपरांमधलं गवत हललं नाही. तळवा पालथा केला. उतरवायला लागलो. कधी नव्हे इतका हळू.

वर दोर करकरला. मग थांबला. स्लीपरांवरची धूळ उडाली, जशी पोतं टाकल्यावर उडते. डावीकडचा स्लीपर कुईं करून वाजला. उजवीकडचा मातीत बसला, एक बोट, दोन बोटं. लाकडाला भार आला. माझ्या खांद्यातली ओढ सैल झाली, पहिल्यांदाच. एवढे दिवस काय धरलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मी तोंड उघडलं.

बशीरने मूठ आवळून वर केली.

हात थांबला. शब्द तोंडात राहिला. तीस वर्षांत बशीरने मला मूठ एकदाही दाखवली नव्हती.

"मुकादम," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "खाली मानूस हाय."

मी वाकलो.

दोन ओळींच्या मधे माती मोकळी होती. तिच्यावर दोन पावलं होती. अनवाणी. एकमेकांपासून लांब रोवलेली, ओझं घेताना रोवतात तशी. मोठी नव्हती. बाप्याची असतील, बाईची असतील. पावलांवर काही नव्हतं. मी बघत असताना टाचा आत रुतल्या. आणि मग अंगठे फाकले, माती धरायला.

मी पुढे बघितलं नाही. वर बघितलं असतं तर कदाचित दिसलं असतं. माल उतरवताना मुकादम खाली बघतो.

मी तळवा वर केला.

ओढ खांद्यात परत बसली, पहिल्यापेक्षा जड. लाकूड सुटल्याचा आवाज झाला. टाचा मातीतून वर आल्या. एक पाऊल पुसट झालं आणि थोडं पुढे पुन्हा उमटलं, कुणी तोल सावरल्यासारखं.

बशीरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. तो म्हणाला, "थोडा येळ इशारा माज्याकडं दी. बस जरा."

"उचल कुनी म्हटलं?" मी विचारलं.

त्याला रीत माहीत होती.

येसूबाईने त्याच्यासाठी चहा टाकला होता. त्याने घेतला नाही. तांब्याही घेतला नाही. तसाच कोरड्या घशाने मिरजेच्या गाडीत जाऊन बसला.

८

आता वर्ष होत आलं. बशीर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. फाटकाच्या आत उभा राहतो, बसत नाही, पाणी घेत नाही. मी घेतो, हात धरायला जीव राहिला पाहिजे. आम्ही जुन्या कामांबद्दल बोलतो. एकदा त्याने विचारलं, तुझ्या मागं काय? मी म्हणालो, माझा हात हलायला लागलेला दिसला की विचार.

स्वप्नाला पुण्यात नोकरी लागली. तिला पोहोचवायला मी स्टँडपर्यंत चालत गेलो. रिक्षा केली नाही. रिक्षा वेगाने जाते, खालच्याला पाऊल जुळवता आलं नसतं. रस्त्याच्या कडेच्या फुफाट्यात मी मागे वळून बघितलं. माझी चप्पल आणि थोडं उजवीकडे ती अनवाणी पावलं, माझ्या पावलाला पाऊल देत आलेली. स्वप्नाने पण बघितलं. तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या डाव्या बाजूने, सावकाश चालायला लागली. तशीच ती गाडीत बसेपर्यंत चालली.

माझी नात आहे.

तो कोण, किंवा ती कोण, मला माहीत नाही. आधीपासून खाली होता की मी उचलल्यावर आला, तेही माहीत नाही. मालाची खालची बाजू घासून गुळगुळीत झाली आहे, म्हणजे बरेच दिवस असेल. मी हाक मारून बघितलेली नाही. काम चालू असताना टोळीत कुणी गप्पा मारत नाही.

येसूबाई आता अंगण मधून झाडत नाही. कडेने झाडते, मधली माती तशीच ठेवते. एकदा तिने भाकरीचा तुकडा आणि चटणी त्या मातीच्या कडेला ठेवून बघितली. संध्याकाळपर्यंत तशीच होती. कोंबड्याही शिवल्या नाहीत. "त्येची बी रीत आसंल," ती म्हणाली आणि उचलून नेली.

सकाळी मी गमजा सोडतो आणि आधी ती माती बघतो. कधी पावलं नेहमीसारखी असतात. कधी टाचा खोल गेलेल्या असतात, अंगठ्यांनी माती उकरलेली असते. तेव्हा मी हात चार बोटं वर घेतो आणि थांबतो. टाचा सुटतात. थोडा वेळ पावलं मातीवर नुसती टेकलेली दिसतात, हलकी, जशी कुणी उभ्याउभ्या दम खातं आहे.

तेवढा वेळ सगळं माझ्याकडे असतं.

मग मी फुलपात्र भरतो, उताण्या तळव्यावर ठेवतो आणि अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालतो. येसूबाई चुलीपाशी बसून बघते. परेड म्हणत नाही आता.

थेंब सांडत नाही. माझ्या मालाखाली माणूस दबलेला नाही.